टब आधी पायांवर उभा करा, मग टाइल

पहिल्यांदाच अ‍ॅक्रिलिकचा टब बसवताय ना? मग एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: भार टबाखालच्या फ्रेमच्या पायांवर यायला हवा, काठावर नाही. पुष्कळ गवंडी विटांचा कट्टा बांधतात, टब काठावर टेकवतात आणि मोकळे होतात. मग माणूस आत उतरला की तळ लवतो, पुढे काठाजवळ तडा जातो. 200 लिटर पाणी म्हणजेच 200 किलो, माणसाचं वजन वेगळं. पाय फिरवून लेव्हल जुळवा, नट आवळा. वॉटरप्रूफिंग टबखालच्या फरशीलाही हवंच.

टबाची बाजू बांधून बंद करण्याआधी टब भरा, पाणी सोडून द्या आणि खाली बॅटरी मारून वेस्टचा (तळाच्या निचऱ्याचा) न्‌ ओव्हरफ्लोचा (काठाजवळच्या जादा पाणी जाणाऱ्या भोकाचा) जोड बोटाने चाचपा. कोरडा लागला तरच पुढे. ट्रॅपसमोर (निचऱ्याच्या वाकड्या पाइपसमोर) उघडता येणारं झाकण ठेवा. 'दिसायला बरं नाही' असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका, पुढे चोंदलं तर सगळ्या टाइल फोडाव्या लागतात.

भिंतीची टाइल काठावर उतरवा, पण मध्ये साधारण 3 मिलिमीटर फट सोडा. तिथे ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरतात ते सिमेंट) नको, रबरासारखं लवचीक सिलिकॉन भरा, तेही टब पाण्याने भरलेला असताना. रिकाम्या टबाला लावलेलं सिलिकॉन टब भरल्यावर ताणलं जातं आणि हळूहळू सुटतं. ते पुरतं सुकेपर्यंत, निदान 24 तास, पाणी काढू नका.