वाचकांचे प्रश्न : आकाशातील वाहतूक कोण सांभाळते?

प्रश्न : विमानाने उड्डाण केले की त्याच विमानतळाचा मनोरा त्याला प्रवासभर मार्ग दाखवतो का? आणि देशपातळीवर ही सेवा सरकारच चालवते का?

उत्तर : मनोऱ्याचे काम धावपट्टी आणि विमानतळालगतच्या थोड्या आकाशापुरते असते. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान ‘अ‍ॅप्रोच’ विभागाकडे (विमानतळाच्या परिसरात चढणारी-उतरणारी विमाने सांभाळणाऱ्या नियंत्रकांकडे) आणि पुरेशी उंची गाठल्यावर ‘एरिया कंट्रोल’ केंद्राकडे सोपवले जाते. हे केंद्र विमानतळावरच असावे लागत नाही, कारण तेथील नियंत्रक विमाने पाहतात ती पडद्यावरच. केंद्राच्या ताब्यातील आकाशाचे ‘सेक्टर’ पाडलेले असतात आणि प्रत्येक सेक्टरवर साधारणपणे दोघे बसतात : एक वैमानिकांशी बोलतो, तर दुसरा शेजारच्या सेक्टरांशी समन्वय साधून येणाऱ्या विमानांचे नियोजन करतो.

आकाशात जागा अपुरी पडण्याच्या कितीतरी आधी नियंत्रकाचे अवधान अपुरे पडते, हे या रचनेमागील खरे कारण होय. दोन विमानांमध्ये सहसा १००० फुटांचे उभे अंतर किंवा रडारच्या टप्प्यात पाच सागरी मैलांचे आडवे अंतर राखावे लागते. त्यामुळे वर्दळ वाढली की सेक्टर फोडून अधिक माणसे बसवतात आणि रात्री तेच सेक्टर पुन्हा एकत्र करतात. ही काटकसर जपून करावी लागते. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेनजवळ दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा झुरिकच्या केंद्रात एकटा नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. अपघाताच्या अनेक कारणांपैकी ते एक होते. विमाने जर्मनीवर असताना नियंत्रण स्वित्झर्लंडचे कसे, असे वाटेल. परंतु एखादे राष्ट्र आपल्या आकाशाचा काही भाग करार करून शेजाऱ्याकडे सोपवू शकते. महासागरांवरील आकाशाची जबाबदारीही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेतून निरनिराळ्या देशांना वाटून दिलेली आहे.

मालकीचे म्हणाल, तर एकच एक नमुना नाही. अमेरिकेत ही सेवा ‘एफएए’ या सरकारी संस्थेकडे आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये ती सरकारी मालकीच्या कंपनीकडे दिली, तर कॅनडाने १९९६ मध्ये ‘नॅव्ह कॅनडा’ या ना-नफा संस्थेकडे सोपवली, जिचा खर्च प्रामुख्याने विमान कंपन्यांकडून मिळणाऱ्या शुल्कातून भागतो. हे शुल्क सामान्यतः विमानाचे वजन आणि कापलेले अंतर यांवर ठरत असल्याने उड्डाणे घटली की उत्पन्नही घटते, आणि नियंत्रक मात्र तेवढेच लागतात. मालकी सरकारी की खासगी या वादापेक्षा, सेवा देणारा आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा वेगळा आहे का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कॅनडात देखरेख सरकारच्या परिवहन विभागाकडे राहिली आहे. अमेरिकेत मात्र दोन्ही कामे एकाच छपराखाली आहेत आणि त्यावर तेथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे.