रांग आणि खिडकी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. नोकरी जाऊन पाच महिने झाले, तेव्हा 'माझ्यातच काही खोट असावी' असं तू लिहिलंस. खाली दोन ओळींवर बेकारीचा दर वाढल्याचंही लिहिलंस. या दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं आहे, ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही.

बेकारी ही एक रांग आहे असं समज. रांग दोन कारणांनी लांबते: मागून येणारे वाढले, किंवा पुढची खिडकी मंदावली. कामावरच्या दर 100 जणांपैकी महिन्याला 2 जणांचं काम सुटतं आणि रांगेतल्या 100 पैकी 30 जणांना काम मिळतं असं धरलं, तर बेकारीचा दर 6 टक्क्यांच्या थोडा वर स्थिरावतो. आता काम सुटण्याचं प्रमाण दुप्पट कर, किंवा मिळण्याचं निम्मं कर. दोन्ही हिशेबांत उत्तर एकच येतं, जवळजवळ 12 टक्के. पण पहिल्या रांगेत माणूस सरासरी सव्वातीन महिन्यांच्या थोडा वर उभा राहतो आणि दुसरीत साडेसहाच्या वर. बातमीत हा फरक कधीच दिसत नाही, याचा मला जुना राग आहे.

अमेरिकेत एप्रिल 2020 मध्ये दर 14.8 टक्क्यांवर गेला आणि त्याच डिसेंबरात 6.7 वर आला. बहुतेकांना तात्पुरतं घरी बसवलं होतं, त्यांना परत बोलावलं गेलं. ऑक्टोबर 2009 मध्ये दर 10 च होता, पण 6.7 वर यायला डिसेंबर 2013 उजाडला. तिथे खिडकीच अडली होती. मंदीच्या सुरुवातीला कपात जोरात असते. रांग पुढे वर्षानुवर्षं रेंगाळते ती बहुधा नवी भरती थंडावल्यामुळे. (शोधून थकलेला माणूस घरी बसला तरी दर उतरतो, कारण काम शोधणं सोडलेल्याला बेकारांत मोजत नाहीत. त्याला सुधारणा म्हणू नकोस.)

रिकामा काळ वाढला की मुलाखतीची बोलावणी कमी होतात, ही तुझी भीती खोटी नाही. अमेरिकेतच काही संशोधकांनी सुमारे 12,000 काल्पनिक अर्ज पाठवून हे तपासलं, आणि पहिल्या आठ महिन्यांत बोलावणी स्पष्टपणे घटत गेली. मात्र जिथे रोजगाराची स्थिती मुळातच वाईट होती, तिथे ही घट कमी होती. सगळेच ताटकळले असतील, तर ताटकळण्याचा डाग फिका पडतो. म्हणून ते पाच महिने अर्जात लपवत बसू नकोस. त्या काळात छोटं-मोठं जे काम केलंस, ते सरळ लिही. आणि फक्त जवळच्या मित्रांना विचारू नकोस, त्यांना ठाऊक असलेल्या जागा तुलाही ठाऊक असतात. जुने सहकारी, तोंडओळखीची माणसं, यांच्याकडून वेगळी खबर येते.

एक काम कर. किती अर्ज केलेस ते राहू दे. तुझ्या कामाच्या जागा या पाच महिन्यांत दरमहा किती निघाल्या, ते मोजून मला कळव. मग तुझ्या खोटीबद्दल बोलू.