परदेशात महिनाभर मिशनच्या कामाला जाण्यात अर्थ आहे का? कोणी गेलं असेल तर अनुभव सांगाल का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या चर्चचा तरुणांचा ग्रुप आफ्रिकेत महिनाभर जाणारे आणि घरचे म्हणतायत एवढे पैसे घालून मिळणार काय. मी गेलोय, 2022 च्या जूनमध्ये आग्नेय आफ्रिकेतल्या मलावीला, राजधानी लिलाँग्वेपासून थोडं लांब एका मिशन हॉस्पिटलात (नाव देत नाही, कारण नाही). मी पाळक नाही, प्रचारक नाही, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, 2021 ला दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर उघडून दुरुस्त करायला शिकलो होतो, ते आमच्या पाळकसाहेबांना माहीत होतं आणि तिकडून कोणीतरी असा माणूस मागत होतं, म्हणून माझं नाव गेलं.

माझ्या मते अर्थ आहे, पण तुम्हाला हाताने काहीतरी करता येत असेल आणि तिथल्या माणसाने ते स्वतःहून मागितलं असेल तरच. नुसतं सेवा करायला जायचं, भिंती रंगवायच्या, पोरांसोबत फोटो काढायचे, असं असेल तर घरचे बरोबर बोलतायत, भिंत रंगवणारे तिथे खूप आहेत आणि त्यांना रोजगार हवाय.

आधी तो एक प्रश्न संपवतो जो मला इथे ऑफिसात पण सारखा विचारतात, की म्हणजे धर्मांतर करायला गेला होतास का. अहो, मलावीत 2018 च्या जनगणनेत सुमारे 77 टक्के लोक ख्रिस्तीच निघाले, मी तिकडे कोणाला काय शिकवणार? उलट त्यांनाच माझं नवल. तिकडे भारतीय म्हणजे शहरातले गुजराती दुकानदार, हिंदू नाहीतर मुसलमान, तर हा कोण भारतीय जो बायबल घेऊन आलाय! वॉर्डातल्या एका नर्सबाईंनी विचारलं तुमच्यात ख्रिस्ती किती, मी म्हटलं शंभरात दोन-सव्वादोन, तर त्यांनी माझ्याकडे जे दयेने पाहिलं आणि त्या दिवसापासून भारतातल्या ख्रिस्ती मंडळीसाठी रोज सकाळच्या प्रार्थनेत एक वाक्य सुरू झालं. मदत करायला मी गेलो होतो म्हणे.

आता काम. हॉस्पिटलच्या मागे एक खोली होती, दान आलेल्या आणि बंद पडलेल्या मशिनींनी भरलेली. अमेरिकेतून आलेले कॉन्सन्ट्रेटर 110 व्होल्टचे, मलावीत लाईन आपल्यासारखीच 230 ची, कोणीतरी थेट लावले की बोर्ड जळाला, संपलं. काहींना ट्रान्सफॉर्मर दिला होता पण अमेरिकेतलं मशीन 60 हर्ट्झचं आणि मलावीत लाईन 50 ची, मग कॉम्प्रेसर हळू फिरतो, तापतो, हवा कमी ओढतो. ही मशीन हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांत अडकवते आणि ऑक्सिजन पुढे सोडते, त्या दाण्यांना ओल लागली की ते निकामी, आणि फिल्टर धुळीने बसला की सगळंच बसतं. बाहेर येणारा ऑक्सिजन 82 टक्क्यांच्या खाली गेला तर उपयोग नाही, पण ते मोजायचं मीटरच तिथे नव्हतं, म्हणजे मशीन घरघरतंय, लाईट हिरवा आहे, आणि बाळाच्या नाकात जातेय जवळपास साधी हवा.

आणि हे सगळं तिथल्या मेंटेनन्सवाल्या दादाला माहीत होतं बरं का. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याने दोन मेलेल्या मशिनींतून एक जिवंत केलेली होती, केबल टायने बांधलेली. त्याच्याकडे नव्हते ते पार्ट. फिल्टर, व्हॉल्व, फ्यूज, सोल्डरिंगची बरी टीप. त्या मे महिन्यातच सरकारने क्वाचा, म्हणजे त्यांचं चलन, 25 टक्क्यांनी उतरवला होता, बाहेरून काही मागवायचं म्हणजे डॉलर मिळेपर्यंत थांबा. वर जानेवारीत अॅना वादळाने शिरे नदीवरचं कापिचिरा वीजकेंद्र मोडलं होतं आणि देशाची बहुतेक वीज त्या एकाच नदीवर, त्यामुळे लोडशेडिंग असं की आपल्या जुन्या दिवसांची आठवण यावी. जाण्याआधी त्याच्याशी व्हॉट्सॲपवर बोलून त्याची यादी घेतली होती म्हणून माझी बॅग निम्मी फिल्टर आणि व्हॉल्वनी भरलेली होती, ऑक्सिजन मोजायचं मीटर पण नेलं. खरं काम त्या बॅगेने केलं, मी सोबत होतो. मीटर तिथेच ठेवून आलो.

वॉर्डात बघण्यासारखं म्हणजे तिथे प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहतं, त्याला गार्डियन म्हणतात, हॉस्पिटलच्या आवारात त्यांच्यासाठी शेड असते आणि तिथे चुली पेटलेल्या. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला न्सिमा म्हणतात, सोबत पालेभाजी नाहीतर तळ्यातले उसिपा मासे, आपली सुकट असते तसे वाळवलेले. मला पहिल्या आठवड्यात कॅन्टीनचं खाऊन कंटाळा आला होता, एका आजींनी शेडमध्ये बसवून वाढलं, नातू आत ऑक्सिजनवर. पैसे देऊ केले तर रागावल्या.

रविवारची उपासना तीन-तीन तास. वाद्य नाही काही नाही, एक कॉयर बसला की दुसरा उभा राहतो, आणि पाहुणा दिसला की त्याला बोलायला लावतात. साक्ष वगैरे, म्हणजे आपला देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, मला नीट जमत नाही, म्हणून मी नाशिकचं सांगितलं. नाशिकला शरणपूर आहे, आता नुसता शरणपूर रोड म्हणून लोक ओळखतात, तिथे 1854 ला चर्च मिशनरी सोसायटीने वसाहत काढली आणि पुढे गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम करायला लागली. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1866 ला शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्यातली काही बरोबर नेली. तो 1873 ला वारला, आताच्या झांबियात, त्याचं काळीज तिथेच पुरलं आणि प्रेत लंडनला नेलं, ते काळीज पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, आपल्या नाशिकच्या शाळेत शिकलेला आफ्रिकन मुलगा, आणि झाडावर नाव पण त्यानेच कोरलं. पुढे लंडनला अंत्यविधीला तो हजर होता. आणि ते प्रेत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत पुढे होता लिव्हिंग्स्टनचा सोबती चुमा, तो मलावीकडचाच, आणि तोही मुंबईत डॉ. विल्सनच्या मिशन शाळेत राहून गेलेला.

मला वाटलं आता सगळे भारावणार. एक वडील उठले, म्हणाले चुमा याओ जमातीचा होता, आम्ही चेवा जमातीचे, तेव्हा त्याचं श्रेय आम्हाला देऊ नका, आणि अख्खं चर्च हसायला लागलं. मग त्यांनी मला गायला लावलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं, माझा आवाज ऐकणाऱ्यांना माहितेय.

मला जी गोष्ट खटकली ती पण सांगतो. माझ्याच वेळी एका दुसऱ्या देशातला मोठा ग्रुप आला होता, चांगली मुलं होती, मनापासून आली होती. पण त्यांना न्यायला-आणायला हॉस्पिटलची गाडी, त्यांच्यासाठी उकळलेलं पाणी, दुभाषा म्हणून एक क्लार्क दिवसभर अडकलेला, आणि कोणाला जुलाब झाले की वॉर्डातली नर्स तिकडे. यजमान तोंडाने कधी सांगणार नाहीत, पाहुणा आहे म्हणून हसतच राहतील. तुमचा ग्रुप ठरवताना आधी हे विचारा की आम्हाला सांभाळायला तिथला कोण कामावरून उठणार आहे. आणि कमी जा. पंधराजण जाण्यापेक्षा तिघं जा, उरलेल्यांच्या तिकिटात पार्ट घ्या.

व्हिसा टुरिस्टचा चालतो का ते त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या, पिवळ्या तापाची लस घ्या कारण फ्लाइट बहुतेक इथिओपियातल्या अदिस अबाबावरून असते, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून जाण्याआधीपासून सुरू करा. प्लग तिकडे ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा, अॅडॅप्टर इथूनच न्या. आणि जून-जुलैला जाणार असाल तर स्वेटर न्याच, तो त्यांचा थंडीचा सीझन असतो, आमच्यातला एकजण नुसते टी-शर्ट घेऊन आला होता, तो महिनाभर पाळकांच्या कोटात फिरला.