अरबी मुलांच्या वाचनचुका नोंदवताना

डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचण्यातली अडचण) तपासताना नुसता ‘चुकलं’ असा शेरा नको. मुलाने काय वाचलं ते जसंच्या तसं उतरवा. ‘बा’चं ‘ता’ झालं तर तो नुक्त्याचा घोळ: आकार तोच, पण खाली एक ठिपका की वर दोन, इतकाच फरक. शब्दातल्या अक्षरांची अदलाबदल वेगळ्या रकान्यात लिहा. जागा बदलल्यावर अक्षराचं रूपही बदलत असेल, तर ती कमी होते.

हरकतींच्या (अक्षरांवर-खाली दिल्या जाणाऱ्या ऱ्हस्व स्वरांच्या खुणांच्या) चुका मात्र जपून मोजा. काफ-ता-बा ही तीन अक्षरं हरकतींशिवाय लिहिली तर ‘कतब’ (त्याने लिहिलं), ‘कुतिब’ (लिहिलं गेलं) किंवा ‘कुतुब’ (पुस्तकं) होऊ शकतं. सुटा शब्द दिलात तर तिन्ही बरोबरच! तोच शब्द हरकतींसह आणि वाक्यातही द्या. कैरोच्या मुलाने ‘कल्ब’ला (हृदय) ‘अल्ब’ म्हटलं, तर ती घरची बोली, डिस्लेक्सिया नव्हे.