इअरफोनची बॉडी धातूची असली तर आवाज खरंच चांगला येतो का?

तुमचं बजेट दोन हजारांचं आहे, एक प्लास्टिकचा आणि एक ॲल्युमिनियमचा असे दोन इअरफोन मनात आहेत, आणि दुकानदार म्हणतोय की धातूचाच घ्या, बास घट्ट मिळेल. दुकानदार चुकीचं सांगतोय. बास धातूतून येत नाही. तो ठरतो बॉडीच्या आत किती हवा आहे, बॉडीला भोकं कुठे आणि केवढी पाडली आहेत आणि रबर तुमच्या कानात किती गच्च बसतं, यावर.

एवढं ठासून सांगतोय, कारण याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या काकांचं जुनं भांडण आहे. काकांची उमेदीची सगळी वर्षं पुण्यात तपकीर गल्लीत स्पीकर बांधण्यात गेली. खोक्यावर बोटाने टकटक करून प्लाय किती एमएमचा आहे ते सांगायचे. मी सोल्डरिंग त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांचं म्हणणं एकच: बॉडी जड तेवढा आवाज ठोस. स्पीकरपुरतं ते शंभर टक्के खरं आहे. बारा इंची वूफर दणके द्यायला लागला की पातळ प्लायची फळी स्वतःच थरथरते आणि तिचा आवाज गाण्यात मिसळतो. म्हणून जाड प्लाय, म्हणून आतून आडव्या पट्ट्या. पण तीच फळी अर्धी कापली की किती ताठ होते, हेही काकांनीच मला दाखवलं होतं. इअरफोनची डबी तर बोटाच्या पेराएवढी. तिची भिंत प्लास्टिकची असली तरी पुरेशी ताठ असते, आणि आतल्या आवाज काढणाऱ्या दहा एमएमच्या पडद्यात तिला ऐकू येण्याइतकं हलवायची ताकद नसते.

काकांना हे पटेना. मग मी एकाच लॉटचे सुटे ड्रायव्हर, म्हणजे पडदा असलेले आवाज काढणारे भाग, आणले, ते आळीपाळीने एकाच बॉडीत घालून ऐकले आणि त्यातले दोन अगदी सारखे वाजणारे निवडले. एक प्लास्टिकच्या रिकाम्या डबीत बसवला, दुसरा ॲल्युमिनियमच्या. लावून ऐकलं तर फरक चक्क होता! धातूच्या डबीत डग्ग्याचा घुमारा आखडलेला, सगळं कोरडं कोरडं. काका खूश. "बघ, धातू कसा स्वच्छ वाजतो."

मी दोन्ही डब्या भिंगाखाली धरल्या. प्लास्टिकच्या डबीला मागच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक होतं आणि त्यावर आतून कागदी जाळीची टिकली चिकटवलेली होती. ॲल्युमिनियमच्या डबीला मागे काहीच नव्हतं, पूर्ण बंद. पडद्यामागची हवा अशी कोंडली गेली की सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा धरल्यावर दांडा जसा परत उसळतो, तसं ती पडद्याला मागे ढकलते. पडद्याची मोकळी हालचाल कमी होते, त्याची अनुनाद वारंवारता (ज्या सुराला तो सगळ्यात सहज हलतो ती) वर सरकते आणि खालचा बास पातळ होतो. काका ज्याला धातूचा आवाज म्हणत होते तो कोंडलेल्या हवेचा आवाज होता.

मग हातड्रिलने ॲल्युमिनियमलाही तसंच भोक पाडलं आणि तशीच टिकली लावली. आत डबीची पोकळी थोडी मोठी होती, तिथे पुट्टीचा बारीक गोळा दाबून ती प्लास्टिकएवढी केली. परीक्षक म्हणून चुलतभावाला बसवलं. तो तबला वाजवतो, कान तयार आहे. वजनावरून ओळखू नये म्हणून प्लास्टिकच्या डबीला बाहेरून सोल्डर वायरचं वेटोळं चिकटवलं, थंडपणावरून ओळखू नये म्हणून दोन्ही डब्या मुठीत धरून गरम केल्या, आणि डोळे मिटलेले असताना मीच त्याच्या कानात घालत राहिलो. त्याला कुठली कोणती हे सांगता आलं नाही. कधी बरोबर, कधी चूक, नुसता अंदाज. काका म्हणाले, "घाईत ऐकलं," आणि विषय बदलला. ते आजही गिऱ्हाइकाला धातूच सांगतात, म्हणून हे लिहितोय.

बॉडीने काय बदलतं म्हणाल तर पुष्कळ काही बदलतं. मागच्या भोकावर मायक्रोपोर टेपचा तुकडा लावून बघा, बास उतरतो. पुढच्या बाजूला, नोझलजवळ (रबर ज्यावर चढतं त्या नळीजवळ), आणखी एक भोक असेल तर ते बंद केल्यावर बहुतेक वेळा उलट होतं, खोल बास वाढतो. मग ते ठेवतात कशाला? कानात घालताना अडकलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून, नाहीतर पडदा दाबला जाऊन करकर वाजतो. नोझलची लांबी आणि व्यास ट्रेबलचं, म्हणजे वरच्या बारीक आवाजाचं, गणित ठरवतात. आपल्या उघड्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची. ती ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप मोठा करते. रबराने नळी बंद केली की ही वाढ जाते. ती ड्रायव्हर आणि बॉडीच्या रचनेतून भरून काढावी लागते. शिवाय बंद नळीत ८००० हर्ट्झच्या आसपास नवाच उंचवटा तयार होतो आणि इअरफोन किती आत बसतो त्यानुसार सरकतो. 'स' आणि टाळ कानाला चावतात ते बऱ्याचदा त्याच्यामुळे. नोझलमधली जाळी किंवा फोम हे टोक बोथट करतात. एटिमॉटिक या कंपनीचा ईआर-४ हा इअरफोन १९९१ साली आला तो प्लास्टिकच्या बॉडीत, आणि अचूक आवाजासाठी लोक आजही त्याचं नाव घेतात.

तेव्हा दुकानात बॉडीवर टिचकी मारत बसू नका. सोबत मिळणारी सगळी रबरं लावून बघा. सील जरा सुटलं तरी सगळ्यात आधी बास पळतो, मग बॉडी सोन्याची का असेना. जड धातूचा इअरफोन चालताना खाली ओढला जातो आणि तिथेच सील सुटतं, म्हणून तुमच्या दोनपैकी जो कानात न हलता बसेल तो घ्या. कुठला ते तुमचा कान बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

काही गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. धातू पडण्याआपटण्यात जास्त टिकतो आणि त्यात भोकं, जोड नेमके करता येतात. त्यामुळे डावं-उजवं सारखं वाजण्याची शक्यता वाढते, पण ते श्रेय नेमक्या कामाचं. मोठ्या हेडफोनच्या कपांना माझं म्हणणं तसंच्या तसं लावू नका, तिथे भिंत मोठी असते आणि काकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य उरतं. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (वेगळ्या जातीचे चिमुकले ड्रायव्हर) असलेल्या इअरफोनमध्ये आतल्या नळ्यांची लांबी महत्त्वाची ठरते, तो वेगळा विषय आहे. आणि जुना इअरफोन एका बाजूने मंद वाजतोय म्हणून नवा घेत असाल, तर आधी नोझलची जाळी उजेडात धरून बघा. मळाने ती बुजलेली असली तर जाळी खाली करून मऊ कोरड्या ब्रशने साफ करा, टाचणी घालू नका, जाळी फाटली की ट्रेबलचा सगळा ताळमेळ बिघडतो.