घरी ७०, लॅबमध्ये ६६२३ : सी प्रोग्राम आणि न वाचलेली वॉर्निंग

तुझी पोस्ट वाचली आणि आपलंच जुनं दुखणं समोर आल्यासारखं वाटलं. पाच विषयांच्या मार्कांची सरासरी काढायचा प्रोग्राम. मार्क ६८, ७४, ८१, ५९, ६९. होस्टेलच्या लॅपटॉपवर टर्बो सी (सी चा जुना, डॉसच्या काळातला कंपायलर) मध्ये उत्तर ७०, कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) आधी एररची रांग, आणि त्या काढल्यावर उत्तर ६६२३. क्लासवाले म्हणतात वीस प्रोग्राम पाठ कर. तू विचारतेस, क्लास बदलू की थेट पायथन धरू?

दोन्ही नको. आधी ६६२३ कुठून आले ते बघ, कारण सगळं त्यातच आहे. ६६२३ गुणिले ५ म्हणजे ३३११५. त्यातून खरी बेरीज ३५१ वजा केली की उरतात ३२७६४. म्हणजे बेरजेचं व्हेरिएबल (आकडा ठेवायची नाव दिलेली जागा) शून्यापासून नाही, ३२७६४ पासून सुरू झालं. तू ते जाहीर केलंस, पण त्यात शून्य भरलं नाहीस. फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलला सी भाषा आपणहून शून्य देत नाही, त्या जागी आधीचं जे काही पडलेलं असेल तेच मिळतं. ६४ बिट लिनक्सवर स्टॅकच्या (फंक्शनची व्हेरिएबल्स राहतात त्या मेमरीच्या) पत्त्याचा वरचा अर्धा भाग ३२७६४, ३२७६५ असा काहीतरी असतो, आणि तसल्याच एखाद्या पत्त्याचा उरलेला तुकडा तुझ्या बेरजेत शिरला असणार. टर्बो सी मध्ये त्या जागी योगायोगाने शून्य होतं.

आणि घरचं ७० सुद्धा चूकच आहे. ३५१ भागिले ५ म्हणजे ७०.२. इंटला (पूर्णांकाला) इंटने भागलं की दशांश आधीच गळून पडतो, उत्तर नंतर फ्लोटमध्ये (दशांश आकड्याच्या व्हेरिएबलमध्ये) ठेवून तो परत येत नाही. भागताना ५ ऐवजी ५.० लिही. म्हणजे घरी चालत होता तो प्रोग्रामसुद्धा बरोबर नव्हता, फक्त चूक दिसत नव्हती.

शून्य न भरल्याची वॉर्निंग, म्हणजे कंपाइल करताना कंपायलरने दिलेली सूचना, मिळू शकते, पण ती कोणी वाचत नाही. मला सगळ्यात महाग पडली ती अगदी हीच गोष्ट, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. ‘वॉर्निंग आली तरी चालते, फक्त एरर नको’ हे वाक्य लॅबमध्ये सर्रास सांगितलं जातं. कॉलेजचं नाव घेत नाही. मशीनवर उबंटू आणि हातात दिलेल्या मॅन्युअलमध्ये मात्र कॉनिओ, क्लियर स्क्रीन, गेटच आणि व्हॉइड मेन, म्हणजे सगळं टर्बो सी च्या पद्धतीचं. ते बदला म्हटलं तर ऑफिसचं उत्तर, ‘छापून झालंय, पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी नवी बॅच, तेच मॅन्युअल. यात मार्क मुलांचे जातात, आणि त्यांना वाटतं की आपल्यालाच प्रोग्रामिंग जमत नाही. याचा मला अजूनही मनापासून राग येतो.

तुझी एररची रांगही याच मॅन्युअलमुळे. कॉनिओ ही हेडर फाइल सी च्या स्टँडर्डमध्ये नाही, ती डॉसच्या कंपायलरांची. लिनक्सवर ती नसते, त्यामुळे पहिल्याच ओळीला गाडी अडते. ती ओळ, क्लियर स्क्रीन आणि शेवटचा गेटच काढून टाक. मेनच्या आधी व्हॉइडऐवजी इंट लिही आणि शेवटी रिटर्न शून्य. एवढ्याने बहुतेक जुने प्रोग्राम जीसीसीवर (लिनक्सवरचा नेहमीचा सी कंपायलर) कंपाइल होतात.

आता कंपाइल कसं करायचं ते. टर्मिनलमध्ये जीसीसी, मग फाइलचं नाव, मग डॅश कॅपिटल डब्ल्यू आणि त्याला जोडून लहान ए-एल-एल. त्यानंतर तसंच डॅश कॅपिटल डब्ल्यू एक्स्ट्रा. मग डॅश कॅपिटल ओ आणि १. हा शेवटचा बहुतेक जण गाळतात, पण शून्य न भरलेलं व्हेरिएबल लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) वापरलं असेल तर ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ती छाननी, हाच तो ओ-१) चालू असल्याशिवाय जीसीसी बऱ्याचदा गप्प बसतो. वर्गमूळ किंवा पॉवर वापरलं असेल तर अगदी शेवटी डॅश एल-एम. तो फाइलच्या नावाआधी टाकलास तर काही मशीनवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतं, कारण लिंकर (प्रोग्रामचे तुकडे जोडणारा भाग) डावीकडून उजवीकडे वाचत जातो.

एवढं केलंस की स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचणारं फंक्शन) विसरलेलं अँडचं चिन्ह, डबलसाठी (जास्त अचूक दशांश आकडा) परसेंट-एल-एफ ऐवजी लिहिलेलं परसेंट-एफ, इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह, या सगळ्यांची वॉर्निंग ओळ क्रमांकासकट मिळते. फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलमधल्या चुकांचा मोठा वाटा या तीन-चारांतच असतो. सवय लागेपर्यंत डॅश कॅपिटल डब्ल्यू एरर पण जोड. मग वॉर्निंग असताना प्रोग्राम तयारच होत नाही.

अ‍ॅरेच्या (एका नावाखाली क्रमाने ठेवलेल्या घरांच्या) बाहेर जाणं मात्र यात नेहमी सापडत नाही. पाच घरांच्या अ‍ॅरेला ० ते ४ हेच क्रमांक, आणि लूपची अट ‘लहान किंवा समान’ लिहिली की सहाव्या घरात लिहिलं जातं. त्यासाठी लिनक्सवर डॅश जी आणि डॅश एफ-सॅनिटाइझ, त्याला जोडून बरोबरचं चिन्ह आणि अ‍ॅड्रेस लाव. बाहेर पाऊल पडलं की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ओळ दाखवतो.

कंपायलर पकडू शकत नाही ते हाताने पकडायचं. फॅरनहाइटचं सेल्सियस करताना सूत्राच्या सुरुवातीला ५ भागिले ९ लिहिलं की इंट भागाकारामुळे तिथे शून्य येतं आणि पुढचं सगळं शून्य. आता हा प्रोग्राम कोणी ३२ देऊन तपासला तर उत्तर ० येतं, आणि ते बरोबर असतं! २१२ देऊन बघ, १०० यायला हवेत. फॅक्टोरियल ५ ला सगळीकडे १२० च येतो. टर्बो सी मध्ये इंट १६ बिटांचा, म्हणून ८ ला -२५२१६ येतो, निदान वजा चिन्ह बघून शंका तरी येते. जीसीसीवर १३ ला १९३२०५३५०४ येतो. दिसायला खरा वाटतो, पण तो चूक आहे, खरा ६२२७०२०८०० आहे. लाँग लाँग (इंटपेक्षा मोठा पूर्णांक) घेतलास तर २० पर्यंत निभावतं, २१ ला तेही पुरत नाही. लीप वर्षाला १९०० आणि २००० दोन्ही दे. मूळ संख्येला १, २, ९ आणि २५.

पाठांतराबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून दे. प्रोग्राम पाठ करण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्या वेळात ट्रेस टेबल होतं. वहीत प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ, आणि प्रोग्राम हाताने चालवायचा. ओरलला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) लूपची अट बदलून ‘आता काय येईल’ विचारतात, तिथे पाठांतर कोलमडतं. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांनाही हेच लागू. स्लिपमधला (प्रॅक्टिकल परीक्षेत मिळणाऱ्या चिठ्ठीतला) प्रश्न ओळखीचा असला तरी इनपुट ओळखीचं असेलच असं नाही.

तू आणखी लिहिलंयस की ‘हो/नाही’ विचारणारं अक्षर न घेताच प्रोग्राम पुढे पळतो. आधीच्या आकड्यानंतर दाबलेला एंटर बफरमध्ये (टाइप केलेलं थांबतं त्या जागेत) राहतो आणि स्कॅनएफमधला परसेंट-सी, म्हणजे अक्षर वाचायची खूण, तोच उचलतो. परसेंटच्या आधी एक स्पेस दे, बस. क्लासमध्ये शिकवतात ते स्टँडर्ड इनपुटवर एफफ्लश (बफर रिकामा करायचं फंक्शन) करणं स्टँडर्डप्रमाणे अनिश्चित आहे, लिनक्सवर त्याच्या भरवशावर राहू नकोस.

पायथनचं म्हणशील तर पॅटर्न (अभ्यासक्रम) बदलला की भाषा बदलते, आपल्या पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये एफईला (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला) पायथनच होतं. म्हणून भाषेमागे पळू नकोस. पायथनमध्येही इनपुट मजकूर म्हणून येतं, ५ आणि ३ ची ‘बेरीज’ ५३ होते. फिजिक्सवाल्यांनी ०.१ दहा वेळा मिळवून १.० शी ‘समान नाही’ अशी लूपची अट घातली तर लूप थांबतच नाही, कारण दहाव्या फेरीला ०.९९९९९९९९९९९९९९९९ मिळतं. अट ‘लहान’ची ठेवून उपयोग नाही, एक फेरी जास्त होते. फेऱ्या पूर्णांकाने मोजायच्या.

घरी लॅबसारखीच सोय कर. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घालून उबंटू, त्यात बिल्ड-एसेन्शियल हे पॅकेज, जीसीसी त्यातच येतो. जड वाटलं तर कोडब्लॉक्स (प्रोग्राम लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर), पण ज्या इन्स्टॉलरच्या नावात मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी) आहे तोच घे, दुसऱ्यात कंपायलर नसतो. व्हीएस कोड हा नुसता एडिटर आहे, यात दर वर्षी कितीतरी मुलं अडकतात. लॅपटॉप नसलेल्या रूममेटला फोनवर टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवरचं टर्मिनल अ‍ॅप) क्लँग हा सी कंपायलर घालून दे, सरावाला पुरतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक घेशील तेव्हा मधलं कुठलंही पान उघड, कॉनिओ आणि व्हॉइड मेन दिसलं तर खाली ठेव. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी चे धडे मराठीत आहेत, फुकट.

हे सगळं उबंटू आणि जीसीसी धरून लिहिलंय. तुमच्या लॅबमध्ये परीक्षेला नेमकं काय असतं ते लॅब असिस्टंटना आजच विचार, मॅन्युअलवर विसंबू नकोस. आणि इथे परत विचारशील तेव्हा स्क्रीनचा फोटो टाकू नकोस. टर्मिनलमधला मजकूर कॉपी करून टाक, त्यातली सगळ्यात वरची एरर आधी. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.