कॉपीराइट असलेलं ई-पुस्तक डाउनलोड करून मित्रांना फुकट पाठवलं, तर तेही बेकायदेशीर का?

हो, बेकायदेशीर. एक पैसाही घेतला नाही, म्हणून सुटका होत नाही. प्रती काढायचा आणि लोकांपर्यंत पोचवायचा हक्क लेखकाचा, किंवा त्याने ज्याला दिला त्याचा. इंटरनेट अर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय स्कॅन केलेली पुस्तकं वाचायला देत होतं. त्यात नफ्याचा हेतू नाही हे अमेरिकी अपील न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केलं आणि तरीही निकाल प्रकाशकांच्या बाजूने दिला.

‘फुकट वाटलं तर काय बिघडलं’ हे वाक्य मी घरातच ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

मी अनुवाद करते. माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत चुलतभावाला दिली, कारण कच्चा खर्डा त्यानेच वाचला होता. आतल्या पानावर लिहिलं, ‘दादास, तुझ्यामुळे पूर्ण झालं.’ चार महिन्यांनी एका अनोळखी वाचकाची मेल आली. अनुवाद आवडला, पण ११२ आणि ११३ ही पानं का नाहीत? सोबत पीडीएफ जोडली होती. उघडली तर पहिल्याच पानावर माझं अक्षर, ‘दादास’. पान ३७ च्या कडेला अंगठा आलेला, त्यावर लहानपणी कापल्याचा आडवा व्रण. फोनवर फोटो काढताना दोन पानं एकदम उलटली गेली होती.

फोन केला तर दादा खूशच होता. “अगं, अभिमानाने पाठवलं सगळ्यांना! आणि पुस्तक माझं आहे, मी कुणालाही देईन.”

प्रत त्याचीच होती, ती त्याने द्यावी, विकावी, रद्दीत घालावी, मी हरकत घेतली नसती. छापील प्रत एकदा विकली की पुढे ती कुणी कितीला विकावी यावर प्रकाशकाची सत्ता राहत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच सांगितलं. पण छापील प्रत दिली की आपल्याकडे उरत नाही. फाइल पाठवली की आपल्याकडेही राहते आणि समोरच्याकडेही जाते. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१९ मध्ये छापील पुस्तकाची ही सवलत ई-पुस्तकाला द्यायला नकार दिला.

मग दादाने हुकमी पत्ता काढला, “लेखक तर कधीच वारला, आता कॉपीराइट कसला?”

हे मात्र तुम्हीही नीट वाचा, कारण इथे पुष्कळ जण फसतात. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो. भारतात ६०, युरोप-अमेरिकेत साधारण ७०. माझ्या मूळ लेखकाची मुदत खरोखरच संपली होती. पण अनुवादाचा हक्क वेगळा असतो आणि तो अनुवादकाच्या आयुष्यावर मोजतात. ती वाक्यं माझी आहेत, साडेतीन वर्षं बसून लिहिलेली, आणि मी जिवंत आहे. त्यामुळे जुन्या लेखकाचं पुस्तक दिसलं की अनुवादकाचं नाव आधी बघा.

राहिलं नुसतं डाउनलोड. स्वतःपुरती प्रत काढायला काही देशांत सवलत आहे, पण मूळ फाइलच चोरीची असेल तर ती लागू नाही, असं युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. टॉरेंट वापरत असाल तर फाइल उतरवता उतरवता तिचे तुकडे इतरांना पुरवत असता, म्हणजे वाटप आलंच.

मुदत संपलेली पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे ई-पुस्तकांचं ग्रंथालय १९७१ पासून मोफत देतंय, ती बिनधास्त घ्या, फक्त आपल्या देशातली मुदत तपासा. लेखकाने स्वतःच क्रिएटिव्ह कॉमन्स या वाटपाची मुभा देणाऱ्या परवान्याखाली दिलेलं पुस्तक त्याच्या अटी पाळून वाटता येतं. दृष्टिहीनांसाठी प्रती करायला २०१३ च्या माराकेश कराराने वाट करून दिली आहे. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

दादाच्या ग्रुपवर ती फाइल अजून आहे. त्या वाचकाला मात्र मी ११२ आणि ११३ ही पानं टाइप करून पाठवली आणि ही फाइल कुठून आली तेही लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्याने विकत घेतलेल्या प्रतीचा फोटो पाठवला.